कोळसा ओला झालाय, बाई!

चौतीस वर्षं मी लाइन बंद करायचा पगार घेतला. चालूही करायची, पण चालू केल्याबद्दल कोणी कधी उपकेंद्राच्या फाटकावर येऊन माझं नाव घेतलं नाही. बंद केली की मात्र अख्ख्या पंचक्रोशीला माझं नाव, माहेर, होणारं सासर, सगळं पाठ!

संग्रामपूर तालुक्यात, सोनाळ्याच्या अलीकडे, एका लहानशा उपकेंद्रात मी ऑपरेटर होते. लोक त्याला 'पावर हाउस' म्हणत आणि वीज तिथंच तयार होते असं धरून चालत. तसं नसतं. वरच्या मोठ्या उपकेंद्रातून जोरकस दाबाची वीज आमच्याकडे यायची, आमचा ट्रान्सफॉर्मर तिचा दाब उतरवायचा, आणि मग ती दोन लाइनींनी बाहेर पडायची. एक गावांची, एक मळ्यांची. कोणती कधी चालू, कधी बंद, हे वरून फोन आला की मी हँडल ओढून करायची. एवढंच. पण वडिलांच्या जागी अनुकंपेवर लागलेली, आयटीआयच्या वर्गात एकटी मुलगी म्हणून पास झालेली, वय वर्षं चोवीस. माझा थाट असा, की जणू देशाचा दिवा माझ्याच पदराला बांधलाय.

पहिल्याच आठवड्यात फोन वाजला. पलीकडून घाईघाईनं आवाज, "मॅडम, सेट पडला! मळ्यांची लाइन पाडा!"

मी विचारलं, "अगोबाई! कोणाला लागलं तर नाही ना?"

पलीकडे तीनचार माणसांचं हसणं. वीज केंद्रातल्या एका जनित्राच्या संचाला 'सेट' म्हणतात आणि तो बंद पडला की 'सेट पडला' म्हणतात, हे आमचे लाइनमन वानखडेभाऊ यांनी मला नंतर समजावलं. तेही कसं? "मॅडम, तुमी त्याले पाहाले जान तं नारळ-बिस्किट घेऊन जाजा."

याच वानखडेभाऊंनी मला 'पन्नास' शिकवलं. कंट्रोल रूमच्या भिंतीवर फ्रिक्वेन्सीचा एक मीटर होता, त्याचा काटा पन्नासच्या आसपास थरथरायचा. भाऊ म्हणाले, "पिठाची चक्की पाह्यली ना? दाणे एकदम जास्त टाकले का पट्टा सुस्तावते. तसंच हाये हे. लोकायनं मोटरी जास्त लावल्या, नाहीतं तिकडं सेट पडला, का काटा पन्नासच्या खाली येते. लय खाली आला तं चक्कीच बंद. अन् ही चक्की काही आपल्या गावची नाई बरं. आजूबाजूच्या चार राज्यायची मिळून एकच हाये."

बाई गं! अंगावर काटाच आला माझ्या. इथं चिंचेच्या झाडाखाली बसून मी जो काटा बघतेय, तोच काटा तिकडे मुंबईत, आणि शेजारच्या राज्यांतही! त्या दिवसापासून मी जेवतानाही त्या मीटरकडे तोंड करून बसायची. भाऊ म्हणायचे, "नजर नका लावू त्याले, अजून खाली येईन."

आणि तो खाली यायचाच. कारण ती चक्की फिरवायला मुख्यतः लागायचा दगडी कोळसा. खाणीतून काढा, रेल्वेनं आणा, दळा, भट्टीत जाळा, पाण्याची वाफ करा, वाफेनं चाक फिरवा. यात कुठंही ठेच लागली की तिची कळ माझ्या फोनला लागायची.

आता सरूबाई.

सरूबाई आमच्या मळ्यांच्या लाइनीवरची. सोनाळ्याच्या शिवारात तिचा संत्र्याचा बगीचा, नवरा ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून चार दिवस घरी. बगीचा तिनंच लावलेला, तीच जगवायची. माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी, अंगानं काटकुळी, आणि आवाज असा, की फाटकापासून बोलली तरी आमच्या खिडकीची काच ऐकायची.

मळ्यांना लाइन मिळायची आठवडा-आठवड्याच्या पाळीनं. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. कोळशाची ओढाताण सुरू झाली, की दिवसाचा आठवडा कापला जायचा आणि रात्रीचाच उरायचा. रात्री गावंशहरं झोपतात, कारखाने मंदावतात, चक्कीत दाणे कमी. मग मळ्यांना वीज देता येते. कागदावर किती शहाणं गणित!

एका सकाळी सरूबाई फाटकाशी उभी.

"काऊन वो बाई, दिवसाची लाइन कुठी गेली?"

मी खिडकीतून, सरकारी आवाजात, "कोळसा नाही."

"रात्री कसा भेटते मंग कोळसा? रात्री काय खाणीतून उडून येते?"

मी तिला चक्की, पट्टा, दाणे सगळं सांगितलं. वानखडेभाऊंचंच, पण माझं म्हणून. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू रात्री इथी असतं काय?"

"नाही. बायकांना रात्रपाळी नाही आमच्यात. नियम आहे."

"कायले नियम?"

"म्हणजे... अंधार, साप-किरडू, माणसं... बाईमाणसाला बरं नाही म्हणून."

सरूबाई नुसती माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं मी आजही अंगावरून पुसू शकलेले नाही. नंतर शांतपणे म्हणाली, "सरकारनं तुले रात्री घरी झोपू देलं. त्याच रात्री मी एकटी मळ्यात जाऊन राह्यली, हातात बॅटरी अन् काठी घेऊन, डुकरायच्या मधातून. तुह्यासाठी नियम हाये. माह्यासाठी काऊन नाई?"

शहाण्या माणसानं इथं गप्प बसावं. मी चोवीस वर्षांची. छाती फुगवून म्हणाले, "सरूबाई, तुला दिवसाची लाइन मी देईन. शब्द माझा!"

हँडल ओढणाऱ्या पोरीनं देशाच्या वतीनं शब्द दिला! भाऊ मागं पान्हा साफ करत होते, त्यांच्या हातातून तो खाली पडला. "लागलं तर नाही ना?" मी विचारलं. तेव्हाही मला कळलं नाही की ते माझ्यावर हसतायत.

मग आला पावसाळा. म्हणजे तिकडे आला. आमच्याकडे जुलै उलटत आला तरी ढग नुसते तोंड दाखवून जात होते, सरूबाईच्या झाडांची पानं वळायला लागली होती, आणि तिकडे खाणींवर मात्र धो धो. फोन आला, "कोळसा ओला झालाय. भट्टीत चिकटतोय. सेटवर लोड येत नाही. मळ्यांची लाइन पुढची सूचना येईपर्यंत रात्रीच द्या."

मी म्हणाले, "उन्हात वाळवा ना मग!"

पापड-कुरडयांवर वाढलेली मुलगी दुसरं काय सुचवणार? एकेका केंद्राला दिवसाला गाड्याच्या गाड्या कोळसा लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी मनात जास्तीत जास्त एक गच्चीभर धरला होता.

फाटकाशी भांडणं नकोत म्हणून मी एक फळा टांगला आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'कोळसा ओला झाल्यामुळे मळ्यांची लाइन दिवसा बंद राहील.' अक्षर इतकं सुरेख आलं, की मी दोनदा फाटकाबाहेर जाऊन बघून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सातआठ बायका डोक्यावर टोपली घेऊन हजर! सरूबाई सगळ्यात पुढे. तिनं टोपलं माझ्या टेबलासमोर आदळलं. आत कोळसे. चुलीतले. काळे कुळकुळीत, खडखडीत वाळलेले.

"घे. तुह्या फळ्यावरचं मास्तरनं वाचून दाखोलं. तुमचा ओला हाये ना? हा काल उन्हात ठेवेल हाये. लाव आता लाइन."

मी डोक्याला हात लावला. "अगं सरूबाई, हा लाकडाचा कोळसा! तो दगडी असतो, खाणीतला!"

"फळ्यावर तं नुसता कोळसाच लिवलं तुनं."

खरंच होतं! आपल्या भाषेत चुलीतला तोही कोळसा आणि खाणीतला तोही कोळसा. बायका भाबडेपणानं आल्या होत्या की माझी फजिती करायला, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. मागच्या दोघींचे पदर तोंडात होते, एवढं खरं. नेमके त्याच वेळी आमचे साहेब जीपमधून उतरले. त्यांनी टोपली बघितली, फळा बघितला, मला बघितलं. म्हणाले, "मॅडम, तुम्ही इंधन विभाग कधी सुरू केलात?"

फळा उतरला. टोपल्या परत गेल्या. सरूबाई जाता जाता म्हणाली, "तुनं शब्द देल्ला होता, पोरी."

ते जिव्हारी लागलं. आणि चार दिवसांनी मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा केला.

त्या सकाळी काटा पन्नासवर बऱ्यापैकी टेकून होता. वरून निरोप आला, "दोन तास मळ्यांची लाइन द्या, फोन केला की लगेच काढा." मी हँडल मारलं. तासाभरानं फोन, "काढा, काढा, फ्रिक्वेन्सी पडतेय!" समोर मीटरमध्ये काटा उतरतोय, मला दिसतोय. पण डोळ्यांपुढे सरूबाईची वळलेली पानं. मी फुटाण्याचा कागद उचलला, फोनपाशी धरून चुरगाळला आणि ओरडले, "हॅलो? हॅलो? खरखर येतेय! काही ऐकू येत नाही!" आणि रिसीव्हर बाजूला काढून ठेवला.

काय ते शौर्य! काळीज असं उडत होतं, की मला वाटलं मीच पन्नासवर चाललेय. मनात म्हटलं, घे सरूबाई, घे पाणी, एकेका झाडाला पोटभर घे.

चाळीस मिनिटं. मग ट्रान्सफॉर्मरचं घुमणं थांबलं.

ज्यानं उपकेंद्रात काम केलंय त्यालाच ती शांतता कळेल. ती घूं घूं रात्रंदिवस कानात असते, ऐकू येत नाही. थांबली की खुर्चीवरून उठायलाच होतं. आम्ही एक लाइन काढत नाही म्हटल्यावर वरच्यांनी, त्यांचंही बरोबरच, आमची मुख्य लाइनच वरून तोडली होती. मळे गेले, गावं गेली, दवाखाना गेला, पिठाच्या चक्क्या गेल्या. आणि गावांच्या पिण्याच्या पाण्याची मोटर गेली. परत लाइन आली तेव्हा दुपार पार कलली होती. तोवर टाकी रिकामी, आणि हापशांवर घागरींच्या रांगा. चार दिवसांपूर्वी टोपली घेऊन आलेल्या त्याच बाया त्या रांगांत होत्या.

टेलिफोनवाले येऊन आमचा फोन तपासून गेले. फोन ठणठणीत. भाऊ मान हलवत म्हणाले, "दोष फोनात नाई, कानात हाये." साहेबांनी मला समोर उभं केलं. मी खरं सांगून टाकलं, फुटाण्यांसकट. मेमो मिळाला. माझ्या सेवापुस्तकात तो अजून आहे, आणि त्या पुस्तकात वाचण्यासारखं तेवढंच एक पान आहे.

संध्याकाळी सुटी झाल्यावर बाहेर पडले, तर फाटकाशी सरूबाई. मला वाटलं, आभार मानायला आली असेल. हो, खरंच असं वाटलं मला!

ती म्हणाली, "माह्या सात रांगा भिजल्या आज. अन् माह्या पोरीची घागर कोरडी आली. असली लाइन मले नको वो. चोरून देल्लेली एकटीले नको. देशीन तं सगळ्यायले दे, अन् दिवसा दे." पुढं दोन पावलं जाऊन वळली. "शब्द देल्ला हाये तुनं. मी काही सोडत नसते."

आणि तिनं सोडला नाही. पुढची सगळी वर्षं, दिवसाची लाइन गेली की फाटकाशी तिचा आवाज, "काऊन वो, आज काय ओलं झालं?" कधी कोळसा ओला, कधी गाड्या अडकलेल्या, कधी खाणीत संप, कधी उन्हाळ्यात नुसती ओढ. नवे सेट उभे राहत गेले, प्रत्येक वेळी मी तिला उत्साहानं सांगायची, आता बघ! आणि दर वेळी मोटरी, पंखे, कूलर, कारखाने त्याहून पुढे पळालेले असायचे. चक्की मोठी होत गेली, दाणे त्याहून जास्त होत गेले. सरूबाई रात्रीच मळ्यात जात राहिली. मी रोज संध्याकाळी घरी येऊन झोपत राहिले. सुखानं, असं लिहिणार होते, खोडलं.

निवृत्त झाल्यावर मी शेगावला राहायला आले. रेल्वेच्या मोठ्या मार्गापासून आमचं घर जवळ. कोळशाची मालगाडी भुसावळकडे निघाली की मी गॅलरीत धावते. नातवंडं म्हणतात, "आजी, मालगाडीत काय बघायचं?" अरे, ती मालगाडी नाही बाळांनो, तुमचा पंखा चाललाय तो! भरलेले डबे तिकडे जातात, रिकामे इकडे येतात, आणि मी अजूनही वाघिणींच्या वर नजर टाकते, ताडपत्री आहे की उघडा भिजतोय.

यंदाच्या उन्हाळ्यात फोन वाजला.

"लाइनवाली बाई हाये काय?"

हा आवाज मी मेल्यावरही ओळखेन.

"सरूबाई!"

"जित्ती हाये अजून? बरं झालं. परवा सकाळी ये. गायरानावर ते काळे आरसे लावले ना, त्याची लाइन आपल्या मळ्यायले जोडून राह्यले. सगळ्यायले. दिवसा. तुनं शब्द देल्ला होता, तं हजर राहाले पाह्यजे का नाई?"

मी त्या दिवशी पहाटेच तयार होऊन बसले. सुनेनं विचारलं, "कोणाचं लग्न आहे?" म्हटलं, "माझ्या शब्दाचं." वरवट बकालवरून एसटीनं गेले. गुडघे दुखतात माझे, पण त्या दिवशी कंडक्टरनं हात द्यायच्या आत उतरले.

गायरानावर निळ्या-काळ्या पाट्यांच्या रांगा, सगळ्या सूर्याकडे तोंड करून, आमच्या जुन्या उपकेंद्राला लागूनच. कंट्रोल रूममध्ये आता एक मुलगी ऑपरेटर आहे. मी म्हटलं, "काटा कुठाय गं?" ती म्हणाली, "मावशी, आता आकडे येतात." आकडा पन्नासच होता. मी त्याला नमस्कार केला. ती हसली, हसू दे.

मळ्यात सरूबाई मोटरीच्या पेटीशी बसली होती. सत्तरीची, पाठीत वाकलेली, आवाज तोच. शेजारी तीन दगडांवर तवा, खाली निखारे, निखाऱ्यांवर भरताचं वांगं. शेजारी टोपलं. कोळशाचं!

"तुह्यासाठीच ठेवले. वाळेल हायेत."

"काय डोकं आहे गं तुझं!"

"दाबू काय मी ते हिरवं बटण? का तू दाबतं?"

"तू दाब. मी फक्त बंद करायच्या कामाची."

सकाळचे दहा. भर उन्हात तिनं बटण दाबलं. मोटर गुरगुरली, पाइप थरथरला, खोकला, आणि पाणी धबाधबा चरीत पडलं. मी लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. सरूबाई हसली नाही. पाण्यात हात बुडवून म्हणाली, "पाणी कसं दिसते, हे मी जास्त करून रात्रीच्या बॅटरीतच पाह्यलं होतं."

मी चरीच्या काठावर तिच्याशेजारी बसले.

इतक्यात सूर्यावर ढग आला. माझा जीव वरखाली! हात आपोआप कमरेशी गेला, हँडल शोधायला. पण मोटर थांबली नाही. मी सुटकेचा श्वास सोडून माझं ज्ञान पाजळलं: पाट्यांची वीज कमी झाली की त्याच क्षणी मोठ्या तारेतून दुसरी येते, ती अजून बहुतेक कोळशाचीच, आणि सूर्य बुडाला की आजही देश त्याच भट्ट्यांवर टेकतो. उगाच फसवायचं नाही. एकदा फळा लिहून बघितलाय मी.

सरूबाईनं वांगं परतलं. "म्हंजे सूर्य ओला झाला तं कोळसा."

"हो."

"अन् कोळसा ओला झाला तं सूर्य."

"दिवसा, हो."

"अन् दोघंही ओले झाले तं?"

चौतीस वर्षं नोकरी केलेली मी तांत्रिक काहीतरी जुळवायला लागले. तिनं मला मधेच तोडलं.

"लाइनवाली बाई, तुले अजून नाई समजलं. कोळसा तिकडचा होता. तो तिकडं भिजे अन् इथी माही झाडं वाळत. हा सूर्य इथला हाये. तो ओला झाला म्हंजे पाणी माह्याच बगीच्यात पडून राह्यलं. मंग मोटर कायले लागते वो?"

नुसतेच येऊन न पडता जाणारे ढगही असतात, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण तिनं वांग्याची काळी साल सोलून माझ्या हातावर गरम गर ठेवला, आणि ढग सरकला.